सवतीची गाठ

माझा नवरा सीमेवरच्या नाक्यावर हमाल. शेजारच्या देशातून कपड्यांचे गठ्ठे यायचे, ते तो उतरवायचा. त्यांच्या दोरीची गाठ एक टोक ओढलं की सुटायची. तिकडे कुणी एक बाई ती बांधते, एवढंच त्याला ड्रायव्हरकडून कळलेलं. झालं! घरी येऊन तिचंच कौतुक. "काय हात आहे बाईचा! तू बांधलेलं डब्याचं फडकं मात्र दातांनी सोडवावं लागतं." एकदा तर नमुना म्हणून तसली गाठ दोरीसकट कापूनच घेऊन आला. मी तिला सवतच म्हणायचे.

परवा सरकारचा हुकूम निघाला. तिकडचे कपडे आता नाक्यावरून नाहीत, फक्त समुद्रावरच्या बंदरातूनच येणार. मी मनातल्या मनात साखर वाटली. गेली एकदाची!

नवरा भरदुपारीच घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. "नाक्यावरचं काम संपलं. बंदरात म्हणे माल लोखंडी पेट्यांतून येतो. तिथे गाठी कोण मारतंय? तीही घरी बसली असेल, बिचारी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या चूल कशी पेटणार याचा घोर मला, आणि बिचारी ती!

सकाळी तो काम शोधायला निघाला. डब्याचं फडकं बघून थबकला. टोक ओढलं. गाठ अर्धी सुटली आणि अडकली.

"हे काय?"

"तुम्ही आणलेल्या गाठीवरून शिकत होते," मी म्हणाले. "अजून एखादी आणली असतीत तर जमलं असतं. आता शिकवणारीच घरी बसली, बिचारी."