बशीत उरलेले कण

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले नाहीत. जे दिसायचं ते केव्हाच दिसून गेलं होतं, तरी त्या तशाच वाकून राहिल्या. खोलीत पंपाची घरघर तेवढी चालू होती. शेजारी त्यांची विद्यार्थिनी उभी होती. पहिल्या दिवसापासून बाई तिला गारगोटी म्हणत. ती आपल्याच नखांकडे पाहत राहिली.

बशीतले कण झिरकॉन या खनिजाचे होते, एका पुरातन सागरी द्रोणीतल्या वालुकाश्मातून वेगळे केलेले. समुद्रतळ जिथे दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो ती गर्ता एका बाजूला, ज्वालामुखींची रांग दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या खोलगटात युगानुयुगे ही वाळू साचत गेली. झिरकॉन आपलं जन्मवय विसरत नाही, म्हणून वाळूचं माहेर त्यालाच विचारायचं. या वाळूचं माहेर शेजारचे ज्वालामुखी. दूरच्या खंडाची एकही नदी इथवर पोचली नाही, हे बाईंचं आयुष्यभराचं म्हणणं. गारगोटीला पदवी मिळवून देणारा प्रबंध त्याच म्हणण्याच्या खांद्यावर उभा होता.

आणि खोट वेचणीतच होती. थर केव्हा साचला हे ठरवायला कोवळे कण लागतात, म्हणून तिने सुईच्या टोकाने काचेसारखे, अणकुचीदार तेवढेच उचलले होते. पुढे वाळू आली कुठून, हा प्रश्नही त्याच निवडक कणांना विचारला गेला. मळकट, झिजून गोल झालेले बशीतच राहिले. तिने एकदा त्यांच्याविषयी विचारलं होतं. आपल्याला काही वृद्धाश्रम काढायचा नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. सगळी प्रयोगशाळा हसली. तीही हसली. बाईंच्या विनोदावर हसण्यात एक जवळीक होती आणि तिला ती हवी होती. पुन्हा तिने विचारलं नाही.

परवा यंत्र रिकामं होतं म्हणून तिने त्या उरलेल्या कणांचं वय काढलं. ते कण ज्वालामुखी पेटण्याच्या कितीतरी आधी जन्मलेले, दूरच्या खंडाचेच निघाले. नदी पोचली होती.

बाई सावकाश सरळ झाल्या. चूक जाहीर केलीस तर आधी तुझी पदवी चौकशीत जाईल, नुकतीच लागलेली नोकरी हातची जाईल, असं त्या समजावत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही म्हणाल्या. आवाजात आईची माया होती. या आवाजासाठीच आपण गप्प राहायला शिकलो, हे तिला ऐकता ऐकता कळत गेलं, आणि फार उशिरा कळलं.

"मी कळवणार आहे, बाई. पदवी गेली तर गेली."

"वेडी आहेस गारगोटी. सगळं काय तुझ्या एकटीचंच जाणार आहे?"

तिने बशी आपल्याकडे ओढली.

"एकच सांगा. मी विचारलं होतं तेव्हा, ते कण कुठले असतील हे तुम्हाला ठाऊक होतं?"

बाईंनी चष्मा पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दार उघडलं. बाहेरच्या गुळगुळीत फरशीवरून, सैल वाळूच्या उतारावर टाकावं तसं एकेक पाऊल चाचपत, एक हात भिंतीला धरून त्या चालत गेल्या.