तरुण संघाची हजेरी

"पुढच्या रविवारी दहाजण जमले नाहीत, तर तरुण संघ बंद. खोलीला मी स्वतः कुलूप लावणार," उपासना संपल्यावर चर्चचे पंच भिंगारदिवेसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

गावातली पोरं नोकरीला पुण्याला गेलेली. संघात उरली चारच. त्यातली सेक्रेटरी ताबिथा तडक घरोघर फिरली.

"अगं, मी पन्नाशीची बाई तरुण संघात?" तिची आईच म्हणाली.

"चालतंय. बाबांना आण, त्यांची ढोलकीपण आण."

रविवारी संध्याकाळी सतरंजी अपुरी पडली. आजोबा, जावा, तान्ही लेकरं, बारा वर्षं एकमेकांशी न बोललेले दोघे सख्खे भाऊ, सगळे मांडीला मांडी लावून बसले. ढोलकी घुमली. आईने असा काही मोकळा सूर लावला की ताबिथाला हसू आवरेना.

भिंगारदिवेसाहेब कुलूप घेऊनच आले. "हा तरुण संघ आहे की जत्रा?"

ताबिथाने नुसती हजेरीवही उघडली. संघाच्या रिवाजाप्रमाणे जो तो आपल्या नावाला 'हजर' न म्हणता बायबलमधलं एक वचन म्हणत गेला. अठ्ठेचाळीस झाले. मग तिने शेवटचं नाव खणखणीत वाचलं, "पौलस भिंगारदिवे!"

साहेबांच्या हातातलं कुलूप हातातच राहिलं.

झांज मांडीवर ठेवून त्यांची बायको सतरंजीवर जराशी सरकली.

"अहो, चपला काढा अन् बसा. आणि नुसतं हजर म्हणू नका, वचन म्हणायचं असतं."