दस्ता आपटला तेव्हा

अकरा वर्षं माळ्यावर पडलेली बंदूक एकदाची विकली की सुटलो, असं थोरल्याला झालं होतं. पण गिऱ्हाईक पक्कं निघालं. पैशाचं बोलण्याआधी त्याला बंदुकीसकट कारागिराकडे घेऊन आलं. कारागिराने नळी रिकामी असल्याची खात्री केली, घोडा चढवला, सेफ्टी लावली आणि चाप ओढून पाहिला. घोडा जागचा हलला नाही.

"झालं ना?" दुखरा गुडघा चोळत थोरला तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठला.

"थांबा की जरा." कारागिराने बंदूक उभी धरून दस्ता रबरी चटईवर हलकेच आपटला. चापावर कुणाचंच बोट नव्हतं, तरी खट्‌कन घोडा पडला.

"आत गोळी असती तर सुटली असती," कारागीर म्हणाला. गिऱ्हाइकाने तिथूनच हात जोडले आणि बाहेरची वाट धरली.

"पुन्हा करा," थोरला म्हणाला.

पुन्हा खट्‌.

"अजून एकदा."

तिसऱ्या आवाजाला त्याने गुडघा घट्ट धरला.

"एवढं काय मनाला लावून घेता? ठेवून जा, आठवड्यात दुरुस्त करून देतो."

"नको. हात लावू नका तिला." थोरल्याचा हात गुडघ्यावरच होता. "इथे गोळी लागली तेव्हा धाकटा रडून रडून सांगत होता, दादा, मी नुसती भिंतीला टेकवली. मी त्याला घराबाहेर काढलं. आहे तशीच द्या. ज्यांच्यासमोर त्याला खोटारडा म्हणालो, त्या सगळ्यांसमोर आपटून दाखवायचीय."