‘ग’ची दांडी

सुरीवालीनं ठसा उचलला आणि खालच्या पत्र्याच्या तुकड्याकडे पाहिलं. ‘ग’ उमटला होता. खोल, स्वच्छ, नख अडकेल अशा कडांचा. फक्त दांडी उजवीकडे हवी ती डावीकडे आली होती.

तिनं ठसा फिरवून टोकाकडे पाहिलं. तिथं अक्षर सरळ वाचता येत होतं, आणि तिथंच घोटाळा होता. ठशावर अक्षर उलटं कोरावं, तेव्हा कुठे ते लोखंडावर सरळ उतरतं. ठसेकाका पन्नास वर्षं उलटं कोरत आले होते. गावातल्या कात्र्यांवर, कुलपांवर, सुऱ्यांवर त्यांच्याच हातच्या खुणा होत्या. या एका खेपेला हात सरळ चालून गेला होता.

“कसं उमटलंय?” काकांनी विचारलं. ते खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे. डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी काम सोडलंच होतं. “तुझा तेवढा करून देतो,” असं म्हणाले होते, “मग डबा बंद.”

त्याआधी तीन आठवडे तिच्या सुऱ्यांवर मारायची खूणच ठरत नव्हती. ती माशाचं चित्र घेऊन आली, तर काका म्हणाले, “चार वर्षांत शेपूट झिजेल आणि लोक विचारतील, हा बटाटा कुणाचा?” पान आणलं, तर म्हणाले, “पान तर झाडालाही टिकवता येत नाही.” शेवटी तिनं आईच्या नावाचं पहिलं अक्षर सांगितलं. “माझं नको. मला कोण ओळखतं? आईला सगळी गल्ली ओळखायची.” त्यावर काका भिंग पुसून कामाला लागले.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी वाकून पत्र्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो...”

सुरीवालीनं मान हलवून त्यांना गप्प केलं. “छान उमटलंय, काका.”

“आण इकडे.”

त्यांनी पत्रा भिंगाखाली धरला, उजेडाकडे कलता केला, मग भिंग बाजूला ठेवून अक्षरावरून नख फिरवलं. नख थांबलं. पुन्हा फिरवलं.

“दांडी इकडे लागतेय.”

काकूंनी हातातला चहा टेबलावर ठेवला.

“उलटा आलाय,” काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पण पत्रा खाली ठेवताना तो टेबलावर दोनदा खडखडला. “आण तो ठसा. चाकावर धरून घासून टाकतो. तू बाजारातल्या मशीनवाल्याकडे जा. अर्ध्या तासात कोरून देईल. त्याला डोळे लागत नाहीत.”

तिनं ठसा मुठीत घट्ट धरला. “नाही द्यायचा.”

“वेडी आहेस का? जन्मभराची खूण आहे ती. लोक हसतील.”

“काका, आई पहाटे कामाला जायची,” ती म्हणाली. “मी झोपलेली असायचे. जाताना ती बाहेरून खिडकीच्या काचेवर बोटानं आपलं अक्षर काढून जायची. धुळीत, नाहीतर दवात. मी उठले की आधी ते बघायचे. म्हणजे आई गेलीय, पण येणार आहे. मला तो ‘ग’ आतून दिसायचा. अस्साच. शाळेत बाईंनी फळ्यावर सरळ काढला, तर मी म्हटलं, बाई, तुमचं चुकलंय.”

काका तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. “बाहेरून काढायची?”

“हो.”

“मग आतून असाच दिसणार.” हे गणित त्यांचं होतं, त्यात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. “आधी का नाही बोललीस?”

“उलटा उमटू दे म्हटलं असतं, तर तुम्ही हाकलून दिलं असतं.”

“दिलंच असतं,” काका म्हणाले आणि सावकाश मागे टेकले. “म्हणजे न सांगता बरोबर झालं म्हणायचं.”

“हाताला कळतं यांच्या,” काकू म्हणाल्या. “डोक्याची मात्र बोंब आहे.” आणि पदरानं डोळे पुसत कप उगाचच इकडचे तिकडे केले.

सुरीवालीनं पिशवीतून तिचं पहिलं पातं काढलं. मूठ बसायची होती, पाणी देऊन ते कडक करायचं होतं. लोखंड मऊ असतानाच ठसा मारतात. तिनं ते ऐरणीवर ठेवलं आणि ठसा काकांच्या हातात दिला. “पहिला तुम्ही मारा.”

काकांनी अंगठ्यानं जागा चाचपली, ठसा उभा धरला आणि एकच ठोका घातला. आता परतीची वाट नव्हती. खूण ठरल्यापासून तिनं डोळ्यांपुढे धरलेला ‘ग’ असा नव्हता. काकांनी पात्यावर फुंकर मारली, अक्षर सदऱ्यानं पुसलं आणि पुन्हा एकदा पुसलं.

“जा आता,” ते म्हणाले. “बाकीची तुझी तू मार.”

काकू तिला पोचवायला जिना उतरून खाली आल्या. दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, “काय गं, खरंच आई तशी काचेवर लिहायची?”

ती पातं फडक्यात गुंडाळत होती.

“आमच्या खोलीला खिडकीच नव्हती, काकू.”

काकू दारापर्यंतच येणार होत्या. तिचा हात धरून त्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत आल्या.