अर्धा-अर्धा पासवर्ड

बबनकाकांनी भागवतकाकांना गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं आणि सख्ख्या भावांचं बोलणंच तुटलं. ग्रुपही फुटला. म्हणून वाशीमहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी गावाचा स्वतःचा फोरम बसवला. शेवटी अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठरवायची वेळ आली. “पोरी, याले नोको सांगू!” दोघंही एकदमच मला म्हणाले. मग तोडगा निघाला. अर्धा पासवर्ड एकाचा, अर्धा दुसऱ्याचा. एक टाकत असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. तेव्हापासून फोरमवर नवा माणूस घ्यायचा झाला की दोघांना बोलवावं लागतं. काल भागवतकाका एका बोटानं अक्षरं शोधत बसले होते. “चष्मा इसरला काय?” बबनकाकांनी भिंतीलाच विचारलं आणि न वळता आपला चष्मा मागे केला. “हा घे माहा.” हा पासवर्ड मला सर्व्हरवरून दोघांशिवायही बदलता येतो, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.