चांद्याच्या अंगावरची ओळ

या ठिकाणी एका बैलाची, एका सेवकाची व एका खोट्या ओळीची हकीकत निवेदन करण्यात येत आहे. वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी. लिहिणाऱ्याचे चित्त मात्र आजही शांत नाही.

"आजच लिहून ठेव," संस्थेचे सचिव म्हणाले. "गुरुवारी पहाटे बैल मरण पावला."

देवरावाने हातातला खरारा खाली ठेवला. "सायेब, आज तर रविवार हाये. जित्या जनावराले मेला कसं लिहू?"

"पेनाने."

महागावच्या रस्त्यावरील मतिमंद प्रौढांच्या निवासगृहात देवराव सेवक होता, आणि चांद्या बैल हा तेथील उपचार होता. कापसाने शेजारच्या बंजारा तांड्याचे कंबरडे मोडले, त्या वर्षी तिथल्या लालीबाईने आपला शेवटचा बैल बाजारात न नेता येथे आणून बांधला. अकरा रहिवासी पाळीपाळीने त्याला खरारा करीत, त्याच्या श्वासापुढे तळहात धरीत, कासरा धरून आवारात फिरवीत. चौतीस वर्षांचा, मुका खेमसिंग पूर्वी स्वतःचे मनगट चावून रक्तबंबाळ करी. चांद्या आल्यापासून ती जखम भरली होती.

"अनुदानाची तपासणी झाली, फोटो निघाले," सचिव पुढे म्हणाले. "आता कडबा कोण पुरवणार? पोळ्याला लोकांना बैल दिसू दे. बुधवारी अंधार पडला की व्यापाऱ्याची गाडी येईल."

"खेमसिंग ऐकून राह्यला, सायेब."

सचिव हसले. "त्याच्यापेक्षा बैलाला जास्त समजते."

खेमसिंग नित्याप्रमाणे चांद्याच्या कुशीवर बोटाने रेघोट्या ओढीत उभा होता. यवतमाळहून येणाऱ्या उपचारतज्ज्ञ उर्वशीबाईंनी त्याच्या तक्त्यात या सवयीपुढे 'निरर्थक हालचाल' असे नमूद केले होते.

देवरावाचे शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर पुटपुटल्यावाचून त्याला लिहिता येत नसे. रोजची नोंदवही तो गोठ्यातच, खेमसिंगाच्या शेजारी, एकेक अक्षर उच्चारीत भरी. त्या दिवशीही त्याने ती भरली. "बै... ल..." म्हणताना त्याचे दात करकरत होते.

"थू अशा नोकरीवर!" वही आपटून तो म्हणाला. "सांग ना बाप्पा खेमसिंग, मी मानूस हाओ का कोन हाओ? घरी तीन तोंडं हायेत, म्हनून लिहून देल्लं. बैलबी असं करत नाही."

खेमसिंगाचे बोट चांद्याच्या कुशीवर फिरतच राहिले. या दोघांपुढे बोललेले कुठे जात नाही, अशी देवरावाची खात्री होती. म्हणूनच पोटातले सारे तो त्या दोघांपुढेच ओकत असे.

सोमवारी खांदमळणी झाली. चांद्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळून देवराव म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." परवाचे काय, ते त्याच्याने सांगवेना.

मंगळवारी पोळा. गोठ्यात गेरूच्या वाट्या ठेवल्या गेल्या आणि ज्याने त्याने चांद्यावर आपले ठसे उमटवले. उजवी कूस भिंतीकडे होती. देवरावाने घाईघाईने झूल टाकली व बैल तोरणाखाली नेला. त्या वर्षी बैलांच्या अंगावर ठसे कमी आणि कापसाच्या भावाच्या मागण्या जास्त होत्या. सचिव हार घालून खुर्चीवर बसले होते.

लालीबाई पुढे आली. आपल्या बैलाला कुरवाळण्यासाठी तिने झूल वर सारली.

"अरे, हे काय लिहेल हाये? वाचा ना कोनी!"

एका शेतकऱ्याने मोठ्याने वाचले, "गुरुवारी पहाटे बैल मरण पावला."

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे ती ओळ पाहायला पुढे सरकले. चांद्या रवंथ करीत उभा होता.

"आज तर मंगळवार हाये," लालीबाई कडाडली. "मंग माह्या बैलाले गुरुवारी कोन मारून राह्यलं?"

लोकांनी नोंदवही आणवली. तीच ओळ, तेच वळण, तसाच शेपूट तुटलेला 'ल'.

सचिव उठले. त्यांचा आवाज जराही कापला नाही. "अक्षर कोणाचे आहे, ते पाहा. हाच बैल विकणार होता!"

चोर आपली चोरी बैलाच्या कुशीवर कशाला लिहील, असे कोणीही विचारले नाही. रागावलेल्या गर्दीला हाताशी लागेल ती मान पुरते.

"वहीतलं माह्यं हाये, सायबानं लिहाले लावलं," देवराव ओरडला. "पन बैलावरचं माह्यं नाही!"

"मग कोणाचे? या अकरा जणांचे?" सचिव म्हणाले, आणि सारा पोळा हसला.

चांद्याला त्यानंतर हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही. तो म्हातारा होऊन त्याच गोठ्यात मेला. देवरावाला मात्र त्याच सायंकाळी हाकलण्यात आले. उमरखेडची एसटी धरण्यापूर्वी तो गोठ्यात आला, खिशातले पेन गव्हाणीत फेकले आणि मागे न पाहता निघून गेला. त्या रात्री खेमसिंगाने पुन्हा मनगट चावले.

वाचकांनी शेवटपर्यंत वाचले, त्याबद्दल आभार. उपरोक्त मजकूर गव्हाणीत सापडलेल्या त्याच पेनाने, नवी कांडी घालून, देवरावाच्याच वळणात लिहिला आहे.

आपला नम्र,
खेमसिंग आडे