कानातली लाईन

तुफानने खळखळून गुळणी केली, बेसिनमध्ये पचकन थुंकला आणि नळ न सोडताच आरशात केस चापू लागला. मामाने तोंड फिरवलं. अजून सगळ्या बँडला त्याच बेसिनवर तोंड धुवायचं होतं.

तुफान हे गायकाचं पोस्टरवरचं नाव. मेकअपच्या खोलीत पोस्टर नसतं. तिथे कॉलरवर कलपाचे काळे डाग, टेबलावर पाय आणि पायमोज्यांचा असा वास, की उपाशी माणसानेही ताट सारावं. मामा इतकी वर्षं ह्या माणसाच्या मागे बसून ड्रम वाजवत होता आणि इतकी वर्षं त्याला त्याची शिसारी येत होती. बँडमध्ये सगळेच त्याला मामा म्हणत. खरी भाची एकच, कीबोर्डवाली.

आज बँडला पंचवीस वर्षं झाली म्हणून बाहेरच्या पॅसेजमध्ये जुने ग्रुप फोटो टांगले होते. सगळ्या फोटोंत सारखे चेहरे दोनच, तुफान आणि मामा. बाकीचे धर्मशाळेत उतरल्यासारखे आले आणि गेले. पहिला गिटारवाला दौरा अर्धवट टाकून पळाला, आता टायरचं दुकान चालवतो. त्याच्या जागी आलेला वर्षभरही टिकला नाही. ट्रंपेटवाला म्हणे, कानाला त्रास होतो. बेसवाल्याने तर जाताना, स्टेजवर बँडचा आवाज ऐकायला कानात घालतात ती यंत्रं पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवली.

ही यंत्रं आल्यापासून गळती वाढली, हे मामाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तुफानच्या पायाशी एक बटण असे आणि एक मामाच्या. ते दाबून माइकमध्ये बोललं की आवाज प्रेक्षकांना जात नसे, फक्त बँडच्या कानात जाई. मामा त्यावर ठेका मोजून द्यायचा, कोणी चुकलंच तर दोन शब्द समजावायचा. पण ज्याला लाज नाही त्याच्या हातात असलं बटण म्हणजे उघडं गटारच.

गेलेले वादक तुफानच्या वाढदिवसाला अजून केक पाठवत. लाळघोटे! मामा रस्त्यात दिसला, की मात्र पलीकडच्या फुटपाथवर जात. शरम वाटत असेल बिचाऱ्यांना.

“पोरी, जेवलीस का?” तुफानने आरशातूनच भाचीला विचारलं. “हात गोड आहे तुझा. घाबरत नको जाऊस.”

घाबरवणाऱ्यानेच असं म्हणावं! मामा उठला. तो भाचीला पॅसेजमध्ये घेऊन गेला.

“मामा, हा माझा शेवटचा शो,” ती म्हणाली. “दुसऱ्या गावात नोकरी लागलीय. शाळेत संगीत शिकवायचंय. सोमवारी जाते.”

मामाने तिचा हात धरला. बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून ही पोर त्याच्याकडे होती. तिच्याशिवाय त्याला दुसरं कोण होतं? ती गेली, की घरात भांडंसुद्धा वाजणार नव्हतं.

“कानात येतं ते सहन होत नाही ना तुला?”

तिने तळहातावरची यंत्रं मुठीत मिटली.

“मला सगळं कळतं. आज ते सगळ्या जगाला ऐकवतो. मग तो सुधारेल नाहीतर जाईल. तू कशाला जातेस?”

ती एकदम दचकली. “नको मामा! राहू दे. तुलाच त्रास होईल.”

एवढं सोसूनही काळजी मामाचीच. अगदी आईवर गेलीय, मामाला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

साउंडवाला आपल्या टेबलामागे वायरी गुंडाळत होता. मामाने त्याला सांगितलं, “आज कानातली लाईन मोठ्या स्पीकरवर सोड. शो सुरू झाला, की शेवटपर्यंत.”

साउंडवाल्याने हातातली वायर खाली ठेवली. “मामा, लाईन एकच आहे. त्याचं जाईल तसं तुमचंही जाईल.”

“जाऊ दे की. मला काय लपवायचंय?”

साउंडवाल्याने वायर पुन्हा उचलली. त्यालाही बँडचं सगळं ऐकू येत असे. “बघा बरं,” तो म्हणाला. “मग मागे नाही घेणार मी.”

“घेऊ नकोसच.”

हॉल गच्च भरला होता. पहिली गाणी सरळ पार पडली; मामाने ठेका काठ्या आपटूनच मोजून दिला. तुफान घामाने निथळत होता, तोच घाम केसांनी झटकून पुढच्या रांगेवर उडवत होता आणि पुढची रांग खूश होती.  मामा वाट बघत राहिला.

मग एका संथ गाण्यात भाचीचा कीबोर्ड उशिरा आला. तुफान वळला. त्याचा पाय बटणाकडे गेला.  आता ऐका म्हणावं, तुमचा तुफान!

“असू दे पोरी, असू दे,” सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला. “मी एक ओळ जास्त म्हणतो, तू सावकाश ये.”

लोकांना ते गाण्यातलंच वाटलं. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नाटकी! लबाड! मामाने पुढचा ठोका दातओठ खाऊन हाणला. अचानक आलेल्या टाळ्यांनी भाची गांगरली, तिचा हात भलत्याच सुरावर पडला आणि ठेका घसरला.

मामाचा पाय सवयीने बटणावर गेला, आणि हॉलच्या चारही कोपऱ्यांतून मामाचाच आवाज आला:

“जन्मताच आईला गिळलीस, आता माझा ठेकाही गिळतेस का, अवदसे?”